आठ बोटांवरचे सर्जेराव

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बारामतीत भाड्याने घेतलेल्या एका मंगल कार्यालयात, एकशे चार किलो वजनाचे सर्जेराव आठ बोटांवर उचलले गेले. खुर्ची खालीच राहिली. उचलणारी माणसं चार. प्रत्येकाची तर्जनीला जोडलेली तर्जनी. दोघांची बोटं काखेत, दोघांची गुडघ्यांखाली. सर्जेराव चांगले हातभर वर गेले, डोळे विस्फारून क्षणभर तिथेच राहिले आणि "आरं आरं आरं" करत परत खुर्चीत आले.

सभागृहात दीडशे माणसं होती. त्यातल्या एकाचाही देवावर विश्वास नव्हता. निदान आत येताना तरी सगळ्यांनी तसं सांगितलं होतं. तरी टाळ्या सुरू व्हायच्या आधी चार-पाच जणांचे हात आपोआप जोडले गेले. ते त्यांनी लगेच सोडवले आणि टाळ्यांच्या कामाला लावले.

दिग्विजयने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ही बैठक त्यानेच काढली होती.

दिग्विजय मूळचा कळंबचा, नोकरीला पुण्यात, एका सॉफ्टवेअर कंपनीत. बारामती-इंदापुराकडून पुण्यात आलेल्या आणि येताना देवघर गावीच ठेवून आलेल्या त्याच्यासारख्या माणसांची एक अडचण होती. देव सुटला होता, पण देवाच्या निमित्ताने जमणारी माणसं सुटल्याची चुटपुट लागली होती. म्हणून त्याने कोथरुडात एका शाळेच्या हॉलमध्ये 'रविवारची बैठक' सुरू केली. एकत्र गाणं, एखादं व्याख्यान, थोडा वेळ शांत बसणं, मग नाश्ता. नियम तीनच: देव नाही, गुरू नाही, प्रसाद नाही.

नियम कडक पाळले जात. चपला मात्र सगळे दाराबाहेर काढत; तसं कुणी सांगितलं नव्हतं. ताऱ्यांच्या जन्मावर एक गाणं रचलेलं होतं, ते अभंगाच्या चालीवर म्हणत, कारण सगळ्यांना येणारी चाल तेवढीच होती. नाश्त्याचा शिरा लोक उजव्या हातावर घेत आणि त्यातला थोडा घरच्यांसाठी कागदात बांधून नेत. हा प्रसाद नाही, असं दिग्विजयने एकदा माइकवरून जाहीर केलं. "छे छे, प्रसाद नाहीच," असं म्हणत पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शिरा कपाळाला लावून तोंडात टाकला.

बैठकीत भिगवणचे साहेबराव होते. बँकेतून निवृत्त होऊन ते पुण्यात मुलाकडे राहत. ते एकदा म्हणाले होते, "दिग्विजयराव, माझ्या वडलांनी छप्पन्न साली घरातले देव काढले. काढले आन त्या कोनाड्यात पुस्तकं लावली. तुम्ही देव काढला, पण कोनाडा रिकामाच ठेवलाय. रिकाम्या कोनाड्यात पाल शिरती."

दिग्विजय हसला होता. पाल रणजितच्या रूपाने आली.

रणजितची कीर्ती पुण्यातच झाली होती. दाढी नीट कातरलेली, शर्ट पांढरा, पायात महागडे बूट. तो कंपन्यांमधून 'समूह-ऊर्जा' शिकवायचा. बैठकीची पहिली बारामती शाखा काढायची ठरली तेव्हा त्याला बोलवावं, अशी मागणी सभासदांनीच केली. दिग्विजय सावध माणूस. कार्यक्रमाआधी त्याने रणजितची झडतीच घेतली म्हणायला हरकत नाही. मनगटावर दोरा नव्हता, गळ्यात माळ नव्हती. बॅगेत लिंबू नव्हतं, अंगारा नव्हता, कुणा महाराजांचा फोटो नव्हता; लॅपटॉप आणि पाण्याची बाटली होती. दिग्विजयने गुडघ्यांवर बसून खुर्चीखाली पाहिलं, तार सापडली नाही. तो उठला, पँट झटकली आणि माइकवर म्हणाला, "मित्रहो, यात कोणतीही अंधश्रद्धा नाही. मी स्वतः तपासलंय." हे वाक्य कार्यक्रमाच्या व्हिडिओत स्वच्छ ऐकू येतं.

मग रणजित बोलायला लागला.

"मी बाबा नाही. चमत्कार मी मानत नाही. नास्तिक आहे, तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या पुढचा! मी मानतो ते फक्त सायन्स. आता गुरुत्वाकर्षण म्हणजे काय? एक कायदा. आणि कायद्याला पळवाट असते की नाही?"

हॉलमध्ये वकील होते. त्यांनी मान डोलावली.

"आपली प्रत्येक पेशी ऐकत असते. आज इथे दीडशे मेंदू आहेत. दीडशे मेंदू एका लयीत आले तर क्वांटम पातळीवर काय होईल?"

काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. पण 'क्वांटम' म्हटल्यावर विचारणं बरं दिसलं नसतं.

रणजितने सगळ्यात वजनदार माणूस पुढे बोलावला. दिग्विजयचे चुलते सर्जेराव पुतण्याचा कार्यक्रम म्हणून कळंबहून आले होते. ते लंगडत पुढे गेले आणि खुर्चीत बसले. चौघांनी आधी नुसतंच उचलून पाहिलं. कुणी आधी जोर लावला, कुणी नंतर. सर्जेराव डावीकडे कलले, उजवीकडे कलले, आणि होते तिथेच राहिले. "पाहिलंत? विखुरलेली ऊर्जा!" रणजित म्हणाला. मग त्याने चौघांना सर्जेरावांच्या डोक्यावर, स्पर्श न करता, हातावर हात धरायला लावले. सगळ्या हॉलला डोळे मिटून श्वास घ्यायला सांगितलं. वरचा हात आधी काढायचा, मग त्याखालचा, असं करत हात उतरले. रणजित म्हणाला, "एक, दोन, तीन!" आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी ते झालं.

खाली आल्यावर सर्जेरावांनी पुतण्याचा दंड धरला. "दिग्या, आंग कापसावानी झालंय बघ. पायाची ठणकसुदीक गेली."

या ठणकीपाशी या गोष्टीतली खरी काळजी होती. सर्जेरावांना बारा वर्षांपासून मधुमेह होता. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. बोट काळं पडायला लागलं होतं. कळंबच्या डॉक्टरांनी बारामतीला सर्जनकडे जायला सांगितलं होतं, तेही सोमवारीच. त्यांची पत्नी बनाबाई यांनी पिशवी भरून ठेवली होती.

सोमवारी पिशवी तशीच राहिली. सर्जेरावांनी रणजितला विचारलं होतं, आणि रणजितने उत्तर दिलं होतं, "औषध बंद करा असं मी कधीच म्हणत नाही, काका. तुम्ही फक्त तुमच्या शरीराला विचारा." सर्जेरावांनी घरी येऊन शरीराला विचारलं. सर्जेरावांचं शरीर सर्जेरावांसारखंच होतं. इन्शुलिनची सुई त्यालाही आवडत नव्हती.

बनाबाईंचा दिग्विजयला फोन आला.

"दिग्या, हे सुई घेईनात. म्हनत्यात, अजून चार बैठका झाल्या की बोट आपोआप भरंल. तू सांग त्यास्नी. तुझं ऐकत्यात."

"काकू, मी बोलतो. पण आबांचा उत्साह बघ ना किती वाढलाय. मनाचा शरीरावर परिणाम होतोच, ते सायन्स आहे. थोडे दिवस बघू."

पलीकडे बनाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "मी म्हसोबाला नारळ बोलले तवा तू लई हसलास. आरं, नारळ मी दिला, पर गोळी कवा चुकवली न्हाय. माझा देव तुझ्या सायन्सापरास शाना म्हनायचा."

दिग्विजयने हसण्यावारी नेलं. त्याच्याजवळ हसायला कारणही होतं. व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरत होता, पुढच्या बैठकीला मोठा हॉल घ्यावा लागणार होता, आणि 'आधुनिक विचारांचा तरुण' असं त्याच्याबद्दल कुणी कुणी लिहीतही होतं. मनात एक शंका होती, नाही असं नाही. ती त्याने 'यावर अधिक संशोधन व्हायला हवं' या वाक्यात गुंडाळून ठेवली. शंका ठेवायला ते वाक्य फार सोयीचं असतं.

दोन रविवारांनी बारामतीत दुसरी बैठक भरली. गर्दी दुप्पट. सर्जेरावांची ती लाल खुर्ची स्टेजवर मधोमध मांडली होती आणि तिच्याभोवती कुणीतरी, नुसतं शोभा म्हणून, झेंडूची माळ लावली होती. स्टेजवर चढताना लोक खुर्चीच्या पाठीला हळूच हात लावत होते. दिग्विजयने स्वयंसेवकाला विचारलं, "हे काय?"

"देव नाहीये सर, खुर्चीच आहे," स्वयंसेवक म्हणाला.

सर्जेराव पहिल्या रांगेत, पायाला फडकं गुंडाळून. शेजारी बनाबाई, मांडीवर तीच भरलेली पिशवी. आणि साहेबरावांबरोबर त्यांची मुलगी, डॉक्टर मेघना. ती बारामतीतल्या एका रुग्णालयात सर्जन होती. मधुमेहाने बिघडलेले पाय हेच तिचं रोजचं काम. वडलांनी तिला चमत्कार पाहायला बोलावलं होतं. ती आली, खाली बसली आणि वास आल्यासारखी सर्जेरावांकडे वळली.

"काका, फडकं सोडता का जरा?"

"कशापायी?" सर्जेराव म्हणाले.

"पाहू द्या."

"बघू दी की वो," बनाबाईंनी परस्पर फडकं सोडलं.

मेघनाचा चेहरा बदलला नाही, पण तिने हातातला मोबाइल बाजूला ठेवला. काळेपणा बोटाच्या मुळापर्यंत आला होता. "आज चला माझ्याबरोबर. उद्या नको, आज."

"येतो की. ही बैठक हुं द्या. डॉक्टरीनबाई, मला आठ बोटांवर उचललाय, तुमी काय सांगता! ज्या ऊर्जेनं येवडं धूड उचलतंय, तिला येक बोट काय जड हाय व्हय?"

आजूबाजूचे हसले. मेघनाने पाहिलं की समजावून हा माणूस हलणार नाही. तिने विचारलं, "आणि त्या ऊर्जेशिवाय तुम्हाला उचललं तर?"

"उचलून दावा. लगीच तुमच्या गाडीत बसतो. आन न्हाय उचललं तर?"

"तर मी या बैठकीची आजन्म सभासद होते."

"ह्ये जरा जास्तच होतंय, पोरी," साहेबराव पुटपुटले.

मेघना स्टेजवर गेली. रणजितने तिचं स्वागत केलं. बाई डॉक्टर आहेत, पांढरा कोट फोटोत असता तर आणखी बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने माइक घेतला.

"सर, एकच शंका. यात महत्त्वाचं काय, ऊर्जा की ते एक-दोन-तीन?"

"अर्थात ऊर्जा!" रणजित म्हणाला. "आकडे मनाला वळण लावायला. नसले तरी चालतं."

"मग आज नकोतच. बाकी सगळं तुमच्या पद्धतीने. फक्त शेवटी कुणी काही मोजायचं नाही, खुणावायचंही नाही. डोळे मिटलेले. ज्याला जेव्हा आतून वाटेल तेव्हा त्याने उचलायचं."

रणजितने चौघांकडे पाहिलं. पण तीनशे माणसांसमोर आत्ताच बोललेलं गिळणार कसं? त्याने सर्जेरावांना खुर्चीत बसवलं, चौघांना भोवती उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. या वेळी श्वास जास्त खोल घेतले गेले, हातावर हात जास्त वेळ धरले गेले. पाठीमागे कुणीतरी 'ओम' म्हणालं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. हात उतरले. शांतता. मग डाव्या काखेतल्या पुणेकराला आतून वाटलं. त्याने एकट्याने उचललं, सर्जेराव उजवीकडे कलले. तेवढ्यात उजव्या गुडघ्याला आतून वाटलं. सर्जेराव खुर्चीतून घसरून जमिनीवर बसणार, तोच बनाबाई ओरडल्या, "आवो धरा! पाय लागंल!"

धरलं. सर्जेराव खुर्चीतच राहिले, वर गेले नाहीत.

"इथे नकारात्मकता आलीय," रणजित कपाळ पुसत म्हणाला. "एक जरी संशयी मेंदू असला तरी वर्तुळ तुटतं."

"असं म्हणता? मग वर्तुळाचे तुकडेच करून पाहू." मेघना उचलणाऱ्या चौघांकडे वळली. दोघे पुण्याचे, दोघे बारामतीचे. "आता ऊर्जा अजिबात नको. भांडायचं. बाबा, विषय द्या."

साहेबरावांना विचार करावा लागला नाही. "मासा! भिगवणचा मासा आन पुण्याचा मासा!"

डाव्या काखेतला पुणेकर म्हणाला, "त्यात भांडण्यासारखं काय आहे? भिगवणला मिरचीच इतकी घालतात, की माशाऐवजी चप्पल शिजवली तरी कळायचं नाही."

"तुमाला न्हाईच कळायचं," उजवा गुडघा म्हणाला. "पुण्यात मासा येतो तो आधी आजारी पडतो, मग मरतो, मग फ्रीजमदी पुन्हा वारतो."

"पाटावर बसून खाल्ला म्हणजे संस्कृती होत नाही!"

"आन प्लेटीत लिंबू ठिवलं म्हंजी हाटील होत न्हाय!"

दुसरी काख आणि दुसरा गुडघाही त्यात उतरले. हॉल दोन्हीकडून ओरडायला लागला. सर्जेराव मधे बसून वर तोंड करून चौघांकडे आळीपाळीने पाहत होते. एवढ्यात, भांडण ऐन रंगात असताना, मेघना माइकवर गरजली, "बोटं लावा! एक, दोन, तीन!"

सर्जेराव वर गेले. मागच्या वेळेपेक्षा वीतभर जास्तच, कारण उचलणारे चिडलेले होते.

पहिले हसले ते स्वतः सर्जेराव, हवेतच. मग हॉल हसला. दिग्विजयही हसला, पण त्याच्या कानामागून घाम उतरत होता. त्याने खुर्ची तपासली होती, बॅग तपासली होती, मनगटं तपासली होती. 'एक, दोन, तीन' तपासायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण ते तो पहिलीपासून ऐकत आला होता.

मेघनाने सांगितलं ते दोन मिनिटांत संपलं. "काका एकशे चार किलो. चौघांत वाटले तर प्रत्येकाला सव्वीस. साखरेच्या अर्ध्या पोत्याएवढं. धडधाकट माणूस तेवढं जोडलेल्या बोटांवर क्षणभर सहज पेलतो. पण चौघांनी एकाच क्षणी उचललं तरच. पहिल्यांदा प्रत्येक जण आपल्या सवडीने जोर लावतो, शरीर कलतं, सगळा भार एकावर येतो आणि त्याची बोटं हार मानतात. मग डोक्यावर हात धरायला लावायचे, श्वास घ्यायला लावायचे. त्याने काय होतं? चौघंही एकाच इशाऱ्याची वाट बघत सावध उभे राहतात. यात बळ तुमचंच आहे, वेळ फक्त सर जुळवून देतात. यात वाईट काही नाही. पण याने जखम भरत नाही. शरीरातली साखर एक-दोन-तीन मोजून उतरत नाही, ती औषधाने आणि पथ्याने उतरते."

रणजितने माइक मागून घेतला. "मित्रांनो, एक लक्षात घ्या. संताप हीसुद्धा एक ऊर्जाच आहे."

लोक हसले. सगळे नाही. तिसऱ्या रांगेतल्या दोघांनी मोबाइलमध्ये ते वाक्य टिपून घेतलं.

दिग्विजय स्टेजवर गेला. त्याच्याजवळ समारोपाचं भाषण तयार होतं, 'विवेकाची वाटचाल' या नावाचं. ते त्याने काढलं नाही.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, यात अंधश्रद्धा नाही, मी तपासलंय," तो म्हणाला. "मी देव शोधत होतो. तो सापडला नाही म्हणून बाकी सगळं खरं धरलं. देव न मानणं ही काही लस नाही, हे मला आज कळलं, आणि ते माझ्या चुलत्याच्या पायावर कळलं. तुम्हाला हात जोडून," इथे तो अडखळला, आणि जोडलेले हात त्याने तसेच ठेवले, "हात जोडून सांगतो. आश्चर्य वाटलं की टाळी जरूर वाजवा. पण घरी जाऊन त्यातली एकेक गोष्ट काढून बघा, कशावाचून ते अडतं. सांगणारा भगव्यात असो, पांढऱ्या शर्टात असो, नाहीतर माझ्यासारखा तुमच्यातलाच असो. आणि कुणाच्याही शब्दावर, माझ्यासुद्धा, दवाखाना पुढे ढकलू नका."

टाळ्या पडल्या, पण मागच्या वेळेइतक्या नाही.

सर्जेराव दिलेला शब्द पाळणारे होते. "बोललो ते बोललो," म्हणत ते उठले. गाडीपर्यंत जाताना त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर भार टाकला. कापसासारखं अंग कुठे गेलं होतं कोण जाणे. दिग्विजयला एकशे चार किलोतला प्रत्येक किलो वेगळा कळत होता.

"दिग्या," ते हळूच म्हणाले, "तुला ठावं हुतं का रं?"

"नाही, आबा."

"मग ठीक हाय." चार पावलं गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "मला वाटलं, तू शिकल्याला. तू तपासलं म्हंजी झालं."

बनाबाई पिशवी घेऊन पुढे गाडीत बसल्या होत्या. सर्जेरावांना आत घेऊन त्यांनी दार ओढून लावलं.

रुग्णालयात सर्जेरावांच्या रक्तातली साखर चारशेच्या वर निघाली. बोट काढावं लागणार हे त्याच संध्याकाळी ठरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते काढलं. दोन आठवडे आधी आले असते तर बोट राहिलं असतं का, असं दिग्विजयने मेघनाला विचारलं. "कदाचित," ती म्हणाली, आणि पुढच्या रुग्णाकडे गेली.

रणजितचा पुढच्या रविवारी पुण्यात कार्यक्रम आहे. जाहिरातीत सर्जेरावांचा पहिला व्हिडिओ आहे, 'मी स्वतः तपासलंय' या वाक्यासकट. तो काढावा म्हणून दिग्विजयने तीनदा कळवलं; उत्तर आलेलं नाही. भांडणाचा व्हिडिओ त्याने स्वतः टाकला, तो फार कुणी पाहिलेला नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंतची माहिती अशी: सर्जेरावांचा ताप उतरलेला नाही. जंतुसंसर्ग बोटापाशी थांबला आहे की पावलात गेला आहे, ते उद्याच्या तपासणीत कळेल. पाऊल वाचेल का, या प्रश्नाला डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.